आपल्या विषयातल्या एलजीबीटीक्यू अभ्यासकांना साथ द्यायची आहे? सुरुवात इथून करा

तुमच्या विभागात किंवा विषयाच्या संघटनेत कुणीतरी म्हटलं असेल, "एलजीबीटीक्यू अभ्यासकांसाठी काहीतरी करायला हवं, तुम्ही बघाल का?" तुम्ही हो म्हणालात, आणि आता नेमकं काय करायचं हे सांगणारं आजूबाजूला कुणी नाही. मी या कामात काही वर्षं आहे. समित्या बसवल्या आहेत, ठराव लिहिले आहेत, संपादकांशी आणि प्रशासनाशी लांबलचक पत्रव्यवहार केला आहे. त्या सगळ्यातून जे कामाचं वाटलं ते इथे क्रमाने मांडतो.

एक कसोटी आधी सांगतो, कारण पुढच्या प्रत्येक पायरीला ती लावायची आहे. ही मदत मिळवण्यासाठी कुणाला आपण एलजीबीटीक्यू असल्याचं उघड करावं लागतं का? लागत असेल तर ज्यांना तिची सर्वात जास्त गरज आहे, ते तिच्या वाटेला जाणारच नाहीत. १९७२ मध्ये अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनच्या डॅलसच्या अधिवेशनात जॉन फ्रायर हे मानसोपचारतज्ज्ञ मुखवटा घालून आणि आवाज बदलणारा मायक्रोफोन वापरून बोलले. कार्यक्रमात त्यांचं नाव होतं 'डॉ. एच. अनॉनिमस'. समलिंगी डॉक्टर म्हणून उघडपणे बोललो तर आपलं काम जाईल, ही त्यांची भीती अगदी खरी होती. समलैंगिकता या संघटनेच्या मनोविकारांच्या यादीतून निघाली ती डिसेंबर १९७३ मध्ये. आज परिस्थिती पुष्कळ बदलली असली, तरी तुमच्या सभागृहात मनातल्या मनात तो मुखवटा घालून बसलेलं कुणीतरी असतंच. काम त्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून करायचं.

हाताशी काय ठेवावं

- संघटनेची घटना आणि उपविधी, किंवा विभागाचे सेवानियम
- सध्याचं भेदभावविरोधी धोरण आणि तक्रार निवारणाची पद्धत
- परिषदेचा नोंदणी फॉर्म आणि आचारसंहिता
- संघटनेच्या नियतकालिकांचं लेखकांसाठीचं आणि समीक्षकांसाठीचं सूचनापत्रक
- ही नियतकालिकं छापणाऱ्या प्रकाशकाचं नावबदलाचं धोरण
- संशोधनाला मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीचे अर्ज आणि संमतीपत्राचे नमुने
- मोजक्या लोकांनाच उघडता येईल असा ईमेल पत्ता आणि फाइली ठेवायची सुरक्षित जागा

यातली निम्मी कागदपत्रं तुमच्या हाती येईपर्यंत एकही घोषणा करू नका. घोषणा झाली की लोक अडचणी घेऊन येतात, आणि त्या वेळी नियम काय म्हणतो हे तुम्हाला ठाऊक असायला हवं.

१. घटना वाचा आणि आपली जागा ठरवा

संघटनेत काम करायचे साधारण तीन मार्ग असतात. कार्यकारिणीने नेमलेली समिती, संघटनेशी संलग्न पण स्वतंत्र गट, आणि कुठेच नोंद नसलेलं ओळखीपाळखीचं जाळं. समितीला अंदाजपत्रकात वाटा मिळतो, पण प्रत्येक निवेदनाला वरून मंजुरी लागते. संलग्न गटाला बोलायची मोकळीक असते, पैसा मात्र स्वतःच उभा करावा लागतो.

यात तुम्ही पहिले नाही, हे लक्षात असू द्या. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनमध्ये ग्रंथपालांनी असा गट १९७० मध्येच उभा केला होता. अमेरिकेतल्या समलिंगी इतिहासाच्या अभ्यासकांची समिती १९७९ ची. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनमध्ये या विषयासाठीचा ४४ वा विभाग १९८५ मध्ये आला. खगोलशास्त्रज्ञांच्या अमेरिकन संघटनेने २०१२ मध्ये कार्यगट नेमला आणि पुढे त्याची समिती झाली. नव्यांना मी खगोलशास्त्रज्ञांचाच मार्ग सुचवतो. ठरावीक मुदतीचा कार्यगट मागा, त्याच्याकडून लेखी अहवाल येऊ द्या आणि त्या अहवालाच्या बळावर कायमची समिती मागा. पहिल्याच दिवशी कायमची समिती मागितली तर चर्चा कामाऐवजी घटनादुरुस्तीवर अडकते.

२. सदस्यत्व सर्वांना खुलं ठेवा

इथे बहुतेक नवे लोक चुकतात. "आपला गट आपल्याच लोकांचा" म्हणून सदस्यत्व फक्त एलजीबीटीक्यू अभ्यासकांपुरतं ठेवतात, आणि सदस्ययादी म्हणजेच ओळखीची यादी होऊन बसते. गट सर्वांना खुला असेल तर यादीत नाव असण्यावरून कुणाबद्दल काहीच कळत नाही. ज्यांना फक्त आपसात बोलायचं आहे त्यांच्यासाठी वेगळी, बिनयादीची बैठक ठेवा. दोन्ही गोष्टी लागतात, पण त्या एकत्र करू नका.

ईमेल पाठवताना सगळे पत्ते एकमेकांना दिसणार नाहीत अशा रकान्यात टाका. विषयाची ओळ साधी ठेवा, कारण कार्यालयात तो पडदा शेजारचाही बघत असतो. अनुदान देत असाल तर त्याच्या नावाचा विचार करा. 'एलजीबीटीक्यू प्रवास अनुदान' हे नाव एखाद्याला अभिमानाने बायोडेटात लिहावंसं वाटेल, तर दुसऱ्याच्या बँकेच्या पासबुकात ते घरच्यांच्या नजरेला पडेल. एकाच अनुदानाला दोन नावं ठेवा आणि निवड घेणाऱ्यावर सोडा. हिशेबनीसांना हे एकदा समजावून सांगावं लागतं. कारण कळलं की ते खळखळ करत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

३. नियम कागदावर आणा

चांगुलपणावर चालणारी व्यवस्था अध्यक्ष बदलला की बदलते. म्हणून भेदभावविरोधी कलमात लैंगिक कल (कुणाबद्दल आकर्षण वाटतं), लिंगभावाची ओळख (स्वतःला काय मानतो) आणि लिंगभावाची अभिव्यक्ती (पेहराव-वागण्यातून ते कसं दिसतं) हे तीनही शब्द स्वतंत्रपणे हवेत. फक्त 'लिंग' असा उल्लेख असेल तर उद्या कुणी त्याचा हवा तसा अर्थ लावेल.

तक्रारीच्या पद्धतीत दोन गोष्टी तपासा. एक, तक्रार ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्याच हाताखालून ती पुढे जाते का? छोट्या विषयांत सगळे एकमेकांना ओळखतात, त्यामुळे संस्थेबाहेरची एक व्यक्ती तरी हवी. दोन, तक्रार करणारी व्यक्ती एलजीबीटीक्यू आहे हे परस्पर उघड करणं हाही गैरवर्तनाचा प्रकार आहे, असं कलमात लिहिलेलं आहे का? त्या व्यक्तीच्या संमतीशिवाय तिच्याबद्दल तिसऱ्याला सांगणं हे बहुतेक वेळा वाईट हेतूने होत नाही. "मी तर कौतुकानेच बोललो" असं उत्तर मिळतं, पण त्यामुळे झालेलं नुकसान कमी होत नाही.

४. नावबदलाची व्यवस्था लावा

एकच पायरी नीट करण्याइतकी ताकद असेल तर ही करा. ट्रान्स, म्हणजे जन्मावेळी नोंदलेल्या लिंगापेक्षा वेगळी ओळख असलेल्या, अभ्यासकाचे जुने शोधनिबंध जुन्या नावाने छापलेले असतात. प्रत्येक अर्जासोबत ते जोडायचे म्हणजे प्रत्येक निवड समितीपुढे स्वतःचं खासगी आयुष्य उलगडायचं, नाहीतर इतक्या वर्षांचं काम सोडून द्यायचं.

अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ लिन कॉनवे यांना हेच करावं लागलं. लिंगबदलाचा निर्णय कळल्यावर १९६८ मध्ये आयबीएमने त्यांना कामावरून काढलं. त्यांनी नव्या नावाने अगदी पहिल्या पायरीपासून सुरुवात केली आणि चिप-रचनेच्या क्षेत्रात मोठं नाव मिळवलं. पण संगणकाच्या रचनेतलं त्यांचं आधीचं मूलभूत काम 'हे माझं' असं त्यांना साधारण तीस वर्षं म्हणता आलं नाही. आयबीएमने माफी मागितली ती २०२० मध्ये.

आता व्यवस्था पुष्कळ सुधारली आहे. अमेरिकन केमिकल सोसायटी, एल्सव्हिअर, स्प्रिंगर नेचर, वायली अशा प्रकाशकांनी नावबदलाची धोरणं आणली आहेत. प्रकाशनातल्या नीतिनियमांचं काम पाहणाऱ्या 'कोप' या संस्थेने २०२१ च्या सुरुवातीला या बाबतची तत्त्वं मांडली. त्याच वर्षी अमेरिकेच्या १७ राष्ट्रीय प्रयोगशाळांनी प्रकाशकांबरोबर मिळून आपल्या संशोधकांच्या वतीने हे काम करायची व्यवस्था उभी केली. तुमच्या संघटनेने उचलावा असा नमुना हाच आहे. धावपळ संशोधकाने न करता संस्थेने करायची.

क्रम असा ठेवा:

पहिल्यांदा ऑर्किड (ORCID). हा संशोधकाचा सोळा अंकी ओळख क्रमांक नाव बदललं तरी तोच राहतो. त्यात सार्वजनिक नाव स्वतःला बदलता येतं. तिथे 'इतर नावे' असा रकाना असतो आणि जुनं नाव तिथे सगळ्यांना दिसत राहू शकतं. ते काढा, किंवा दृश्यता 'फक्त मला' अशी करा.

मग संस्थेची स्वतःची पानं, कर्मचारी यादी, ईमेल पत्ता. ईमेल पत्त्यात आणि वैयक्तिक पानाच्या दुव्यात जुनं नाव तसंच राहून जातं, तिकडे कुणाचं लक्ष जात नाही.

त्यानंतर प्रकाशक. प्रत्येकाकडे वेगळा अर्ज करावा लागतो. मूळ पानावरचं नाव, पीडीएफ आणि माहितीकोशांना जाणारी नोंद या तिन्ही ठिकाणी बदल व्हायला हवा, असं अर्जात स्पष्ट लिहा. नाही लिहिलं तर पान बदलतं आणि पीडीएफ तशीच राहते.

शेवटी प्रबंधाचं भांडार, जुन्या परिषदांची कार्यक्रमपत्रिका आणि इतरांच्या संदर्भयाद्या. यातलं सगळं बदलत नाही, हे संबंधित व्यक्तीला आधीच सांगून ठेवा.

तुमच्याच नियतकालिकाचं धोरण लिहीत असाल तर तीन सापळे टाळा. न्यायालयाचे किंवा वैद्यकीय कागद मागू नका. बदल केल्याचं 'शुद्धिपत्र' छापू नका, कारण त्यातून जुनं आणि नवं नाव कायमचं शेजारी शेजारी बसतं. सहलेखकांना परस्पर कळवू नका, कुणाला कधी सांगायचं हे त्या व्यक्तीने ठरवायचं असतं. "सहलेखकांची संमती हवी" हा आक्षेप हमखास येतो. नाव ज्याचं, निर्णय त्याचा, इतकं उत्तर द्या आणि धोरणात तसं लिहा.

५. सर्वेक्षण करा, पण आकड्यांमागची माणसं सांभाळा

पुरावा लागतो, हे खरं. २०२१ मध्ये विज्ञान आणि अभियांत्रिकीतल्या २१ व्यावसायिक संघटनांच्या सदस्यांचं एक मोठं सर्वेक्षण अमेरिकेत प्रसिद्ध झालं. त्यात एलजीबीटीक्यू सदस्यांना छळ, कामाची उपेक्षा आणि संधींची कमतरता इतरांपेक्षा जास्त भोगावी लागते, आणि क्षेत्र सोडून जाण्याचा विचारही त्यांच्यात जास्त आहे, असं दिसलं. असा पुरावा हाती असला की "आमच्याकडे असं काही नाही" हे वाक्य बैठकीत टिकत नाही.

तुमचा विषय लहान असेल तर धोका वेगळा आहे. 'उभयलैंगिक, सहायक प्राध्यापक, अमुक उपशाखा' असे तीन रकाने एकत्र केले की एकच माणूस उरतो आणि त्याला सगळे ओळखतात. म्हणून ज्या गटात उत्तरं फार थोडी आहेत तो गट वेगळा छापू नका. किती उत्तरांखाली आकडा झाकायचा हे सर्वेक्षण सुरू होण्याआधीच ठरवा. कच्ची माहिती दोघांपेक्षा जास्त लोकांच्या हाती नको. प्रत्येक प्रश्नाला 'सांगू इच्छित नाही' हा पर्याय हवा आणि ओळखीच्या प्रश्नाला एकापेक्षा जास्त उत्तरं निवडता यायला हवीत.

६. परिषद

नोंदणी फॉर्ममध्ये बिल्ल्यावर छापायचं नाव आणि पावतीवरचं नाव असे दोन रकाने ठेवा. सर्वनामाचा (तो, ती, ते) रकाना ऐच्छिकच हवा. सक्ती केली तर अजून ठरवत असलेल्या माणसाला एकतर खोटं लिहावं लागतं, नाहीतर नको असताना सांगावं लागतं. स्त्री-पुरुष असा भेद नसलेलं, सर्वांसाठी खुलं स्वच्छतागृह सभागृहाच्या जवळ असावं आणि त्याची जागा नकाशात दाखवावी. फोटो नकोत असं म्हणणाऱ्यांसाठी वेगळ्या रंगाची फीत ठेवा. सत्राचं चित्रीकरण होणार असेल तर वक्त्यांची आणि प्रश्न विचारणाऱ्यांची, दोघांचीही परवानगी घ्या.

ठिकाण निवडताना तिथला कायदा वाचा. ६० हून अधिक देशांत समलिंगी संबंध अजूनही गुन्हा आहेत. परिषद अशा ठिकाणी असेल तर न जाणाऱ्याला कारण विचारू नका आणि दूरस्थ सहभागाचा दर्जा प्रत्यक्ष सहभागाइतकाच ठेवा. तिथेच राहणाऱ्या अभ्यासकांना मात्र वाळीत टाकू नका, साथीची गरज त्यांनाच जास्त असते.

७. संशोधनालाच जागा द्या

माणसांना सामावून घेणं आणि त्यांच्या अभ्यासविषयाला मान देणं ही दोन वेगळी कामं आहेत. मैत्रीने वागवणारे विभागही "हा विषय आपल्या शाखेत बसत नाही" असं सहज म्हणून जातात. अशा वेळी मानसशास्त्रज्ञ एव्हलिन हूकर यांचं उदाहरण द्या. त्यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३० समलिंगी आणि ३० भिन्नलिंगी पुरुषांच्या मानसशास्त्रीय चाचण्या घेतल्या आणि कुणाची कोणती हे न सांगता तज्ज्ञांपुढे ठेवल्या. तज्ज्ञांना दोन गट वेगळे ओळखता आले नाहीत. समलिंगी असणं हा मनोविकारच, असं तोवर मानसशास्त्र गृहीत धरून चाललं होतं, ते या अभ्यासाने हलवलं. म्हणजे फायदा अख्ख्या विषयाचा झाला.

संपादकांकडून दोन गोष्टी लेखी घ्या. नियतकालिकाच्या कक्षेत हे संशोधन येतं, असं एक वाक्य. आणि समीक्षकांना एक सूचना: लेखक त्या समाजातला असावा या अंदाजावरून त्याच्या तटस्थतेवर शंका घेऊ नये, आक्षेप असेल तर पद्धतीवर घ्यावा. बहुसंख्याकांपैकी कुणी बहुसंख्याकांवर लिहिलं तर हा प्रश्न कुणी विचारत नाही.

जुनं साहित्य शोधणाऱ्या विद्यार्थ्यांना ग्रंथालयातल्या वर्गीकरणाचा इतिहास सांगा. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या वर्गीकरणात १९७२ पर्यंत ही पुस्तकं 'अनैसर्गिक लैंगिक संबंध' अशा अर्थाच्या मथळ्याखाली, लैंगिक गुन्ह्यांच्या जोडीला होती. वर उल्लेख केलेल्या ग्रंथपालांच्या गटाने पाठपुरावा करून ते बदलून घेतलं. तेव्हा जुने संदर्भ शोधताना गुन्हेशास्त्र, वैद्यक, न्यायालयीन निकाल इथेही जावं लागतं, आणि शोधशब्द आज बोलायला नको वाटणारे टाकावे लागतात.

नैतिकता समितीशी मात्र आधीच बसून बोला. समाजशास्त्रज्ञ लॉड हम्फ्रीज यांनी १९६० च्या दशकात सार्वजनिक स्वच्छतागृहांत भेटणाऱ्या पुरुषांचा अभ्यास केला. त्यांच्या गाड्यांचे क्रमांक टिपले, त्यावरून पत्ते मिळवले आणि वर्षभराने वेश पालटून आरोग्य सर्वेक्षणाच्या निमित्ताने त्यांच्या घरी मुलाखती घेतल्या. निष्कर्ष महत्त्वाचे होते, पण ती टिपणं भलत्यांच्या हाती पडती तर कित्येक घरं उद्ध्वस्त झाली असती. त्यातून आजच्यासाठी काही प्रश्न निघतात. सहीचं संमतीपत्र म्हणजे स्वतःच एक यादी असते, मग तोंडी संमती चालेल का? अल्पवयीन सहभागींसाठी पालकांची परवानगी मागितली तर मूल घरात उघडं पडेल, त्याला पर्याय काय? निधी देणारा 'माहिती खुली करा' म्हणत असेल तर मुलाखतींची उतारपत्रं किती काळ आणि कुणासाठी बंद ठेवता येतील? ही उत्तरं समितीने एकदा लिहून ठेवली की प्रत्येक विद्यार्थ्याला नव्याने भांडावं लागत नाही.

संशोधकाच्या सुरक्षिततेचंही बघा. अशा विषयावरचा निबंध गाजला की समाजमाध्यमांवर शिव्या आणि धमक्या येतात. संस्थेच्या पानावरून खोलीचा क्रमांक आणि फोन काढायला किती वेळ लागतो, धमकीची तक्रार कोण नोंदवतं, जनसंपर्क विभाग काय बोलेल, हे निबंध छापून येण्याआधी विचारून ठेवा.

८. विद्यार्थी आणि मार्गदर्शक

"या विषयावर पीएचडी केलीस तर नोकरी मिळणार नाही" हा सल्ला काळजीपोटीच दिला जातो. मार्गदर्शक असाल तर त्यापुढे एक पाऊल टाका. या विषयावर काम करून कोण कुठे पोचलं, कोणती नियतकालिकं असे निबंध घेतात, दुसरा मार्गदर्शक कोण होऊ शकेल, हे सांगा. निर्णय विद्यार्थ्याचा.

शिफारसपत्र लिहिण्याआधी कोणतं नाव आणि कोणता लिंगोल्लेख वापरायचा हे विचारा. प्रत्येक पत्राच्या वेळी वेगळं विचारा, कारण एका संस्थेत जे सांगायचं आहे ते दुसरीकडे सांगायचं नसेल. प्रबंधाची ऋणनिर्देश यादी, क्षेत्रकार्याचं ठिकाण, घरच्यांना जाणारी पत्रं, इथेही तेच.

९. श्रमांची नोंद ठेवा आणि पदं फिरती ठेवा

विभागात उघडपणे वावरणारी एकच ट्रान्स किंवा समलिंगी व्यक्ती असेल तर प्रत्येक समिती, प्रत्येक चर्चासत्र, प्रत्येक घाबरलेला विद्यार्थी तिच्याकडेच येतो. तिचं संशोधन मागे पडतं आणि बढतीच्या वेळी "प्रकाशनं कमी आहेत" असं तिलाच ऐकावं लागतं. या कामाची नोंद सेवा म्हणून मूल्यमापनात व्हावी, त्याबदल्यात अध्यापनाचे तास कमी व्हावेत, असा प्रस्ताव विभागप्रमुखांकडे लेखी द्या. कागदपत्रं, पत्रव्यवहार, खोल्यांचं आरक्षण अशी कामं इतर सदस्यांनी उचलावीत. त्यासाठी समलिंगी असण्याची गरज नसते.

समितीचं पद ठरावीक मुदतीचं असावं आणि पुढच्या माणसाला द्यायची एक फाइल सुरुवातीपासून तयार होत राहावी. धोरणांच्या मंजूर प्रती, प्रकाशकांकडे नावबदलासाठी कुठे लिहायचं त्याची यादी, नैतिकता समितीबरोबरच्या बैठकांची टिपणं, परिषदेसाठीची तपासणीसूची त्यात ठेवा. कुणी विश्वासाने सांगितलेलं, नावानिशी आलेली पत्रं, अनुदानाचे वैयक्तिक अर्ज हे त्या फाइलीत जाऊ देऊ नका. हिशेबाच्या नियमानुसार जे जपावं लागतं ते हिशेबनीसांकडे राहील, बाकीचं काम संपल्यावर पुसून टाका. ईमेल खात्याचा पासवर्ड बदला आणि जुन्या सदस्यांचा प्रवेश त्याच दिवशी बंद करा.